आवाज थांबला की गाडी थांबली पाहिजे

रेल्वे यार्डात, घाटात, प्लॅटफॉर्मच्या टोकाला आज बहुतेक कामगारांच्या कमरेला किंवा हातात वॉकी-टॉकी दिसते. ज्यांनी हिरवा-लाल दिवा आणि शिट्टी यांवर नोकरीची पहिली वर्षे काढली, त्यांना या काळ्या डबीचे अप्रूप होते. आता अप्रूप राहिलेले नाही, आणि धोका नेमका तेथूनच सुरू होतो. हत्यार सवयीचे झाले की माणूस त्याच्याकडे बघायचे सोडतो. संच कोणी दिला, त्यात कोणता चॅनल आहे, बॅटरी किती उरली आहे, तो बंद पडला तर काय करायचे, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. अपघात झाल्यावर मात्र हेच प्रश्न चौकशी अधिकारी विचारतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला कामगार एकटा उभा असतो. म्हणून या अंकात वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता थोडा बाजूला ठेवून या विषयावर लिहिण्याचे आम्ही ठरवले आहे.

या साधनाचे मोल काय, हे सांगायला दोन दुःखद तारखा पुरेशा आहेत. २० ऑगस्ट १९९५ रोजी पहाटे उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस नीलगायीला धडकून रुळावर उभी राहिली. त्याच रुळावर मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस सोडली गेली आणि ३५० हून अधिक माणसे मेली. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ मुंबईहून अमृतसरला निघालेल्या फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या रुळावर गेले. काही मिनिटांतच समोरून जम्मूतावी-सियालदह एक्सप्रेस आली आणि त्या डब्यांवर आदळली. तेथेही २०० हून अधिक बळी गेले. दोन्ही ठिकाणी मूळ कारणे वेगळी होती. पण रुळ अडला आहे ही बातमी येणाऱ्या गाडीपर्यंत वेळेत पोचली नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती.

ब्रॉडगेजवर गाडी अडकली तर मागे ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावून गाडीचे रक्षण करावे, असा नियम गार्ड बंधूंना तोंडपाठ आहे. २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण नाव बदलले म्हणून अंधारात खडीवरून चालण्याचे अंतर कमी झाले नाही. १२०० मीटर चालायला धडधाकट माणसाला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेच अंतर ४३ सेकंदांत तोडते. या बारा मिनिटांच्या आणि ४३ सेकंदांच्या मधली दरी भरून काढण्याचे काम हातातला संच करतो. फटाक्यांची जागा तो घेत नाही. फटाके लावायला जाणाऱ्या माणसाच्या पुढे धावणारा आवाज एवढेच त्याचे काम आहे. ते काम लहान नाही.

संच हाती घेताना

हे यंत्र दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवरून आले. रेल्वेत गाडीवरच्या माणसांकडे असणारे संच साधारणपणे ५ वॅटचे असतात आणि व्हीएचएफ लहरींवर चालतात. स्टेशन मास्तरांच्या टेबलावरचा संच २५ वॅटचा असतो आणि त्याची एरियल छतावर उंच असते. त्यामुळे स्टेशनचा आवाज आपल्याला स्वच्छ ऐकू येतो, पण आपला आवाज स्टेशनला पोचेलच असे नाही. ‘मला ऐकू येते म्हणजे माझेही ऐकू जाते’ ही समजूत चुकीची आहे आणि ती घातक आहे.

या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. मोकळ्या माळावर हाती संच काही किलोमीटर बोलतो, पण डोंगर कापून काढलेल्या चरात, मालडब्यांच्या दोन रांगांमध्ये किंवा बोगद्यात तोच संच काहीशे मीटरवर मुका होतो. कोकण रेल्वेवर नव्वदीच्या घरात बोगदे आहेत आणि करबुडेचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात आवाज पोचवायचा तर आत वेगळी केबल आणि उपकरणे बसवावी लागतात. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी घाटांत चढ सदतीसला एक असा आहे. तेथे मागून बँकर इंजिने लावतात. पुढचा लोको पायलट आणि मागचा बँकरवाला एकमेकांना दिसत नाहीत. त्यांचे एकमत शिट्टीच्या ठरावीक खुणांवर आणि या संचावर अवलंबून असते. अशा ठिकाणी नेमके कोणत्या वळणावर आवाज तुटतो, हे तेथे रोज काम करणाऱ्या माणसाला माहीत असते, कागदाला नसते. त्या जागांची यादी त्या त्या शाखेने करून लॉबीत लावावी, असे आम्ही सुचवतो.

ड्यूटीवर चढताना चार गोष्टी पाहाव्यात. बॅटरी भरलेली आहे आणि तिची पकड घट्ट आहे. एरियल पिळून बसवलेली आहे आणि तिचे रबर फाटलेले नाही. चॅनल ठरलेलाच आहे आणि खिशात घासून तो फिरणार नाही अशी कळ लावली आहे. चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. ज्याच्याशी दिवसभर बोलायचे त्याच्याशी, जेथे काम करायचे त्या जागेवरून, बोलून पाहिले आहे. कार्यालयातल्या टेबलाशेजारी उभे राहून ‘हॅलो, हॅलो’ केले म्हणजे तपासणी झाली नाही. यार्डात काम करताना संच कमी शक्तीवर ठेवता येत असेल तर तसा ठेवावा. बॅटरी टिकते आणि शेजारच्या यार्डातल्या भावाच्या कानात आपला आवाज घुसत नाही.

बॅटरीबद्दल एक जुना समज अजून टिकून आहे, की ती पूर्ण उतरू दिल्याशिवाय चार्ज करू नये. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही, उलट पूर्ण उतरवल्याने तिचे आयुष्य कमी होते. ५ वॅटवर बोलताना संच साधारण दीड अँपिअर वीज खातो आणि ऐकताना त्याच्या कितीतरी कमी. कारखानदार बॅटरीचे जे तास सांगतात ते दर शंभर मिनिटांत पाच मिनिटे बोलणे, पाच मिनिटे ऐकणे आणि नव्वद मिनिटे नुसते चालू ठेवणे, असा हिशेब धरून सांगतात. शंटिंगच्या पाळीत माणूस याहून कितीतरी जास्त बोलतो. तेव्हा छापील तासांवर बारा तासांची ड्यूटी बांधणाऱ्या प्रशासनाला हा हिशेब दाखवलाच पाहिजे. फुगलेली बॅटरी वापरू नये. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. पावसात भिजलेला संच पुसून कोरडा केल्याशिवाय चार्जरमध्ये ठेवू नये.

बोलण्याची शिस्त

या संचावर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकदम बटण दाबले तर तिसऱ्याला नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना वाटते की आपले म्हणणे पोचले. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. अपघातापूर्वीच्या काही सेकंदांत टॉवरने ‘उड्डाणासाठी थांबा’ असे सांगितले आणि त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे सांगितले. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले आणि उडायला निघालेल्या वैमानिकाला दोन्ही इशारे नीट ऐकू आले नाहीत. जगातील सर्वात शिकलेल्या, सर्वात जास्त पगाराच्या माणसांच्या हातून हे झाले. मग धुळीत, पावसात, चौदाव्या तासाला उभ्या असलेल्या पॉइंट्समनकडून चूक होणार नाही असे कोण म्हणेल? म्हणून शिस्त हवी, आणि ती शिकवली गेली पाहिजे.

बटण दाबावे, एक सेकंद थांबावे, मग बोलावे. बोलणे संपल्यावर क्षणभर थांबून मगच बटण सोडावे. हे सांगायला सोपे वाटते, पण आपल्या भाषेत त्याला जिवाचे मोल आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गाडी ढकलू नका’ असे म्हणताना बटण अर्धा क्षण आधी सुटले तर समोरच्याला ‘गाडी ढकलू’ एवढेच ऐकू येते. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. ‘मत छोड़ो’ म्हणताना बटण उशिरा दाबले गेले तर ‘छोड़ो’ उरते. दोन्ही भाषांत एक शब्द गळला की हुकूम उलटा होतो, आणि दोन बफरांच्या मध्ये उभा असलेला माणूस दुसरी संधी मागू शकत नाही.

तेव्हा एक नियम प्रत्येकाने आजपासून पाळावा. थांबवायचे असेल तेव्हा नकाराचे वाक्य वापरूच नये. ‘थांबा, थांबा, थांबा’ असे तीनदा म्हणावे. हा शब्द मराठी माणसाला कळतो, मात्र सिकंदराबाद, हुबळी, खरगपूर, बडोदा येथे काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी तेथल्या साथीदारांबरोबर आधीच एक शब्द ठरवून घ्यावा. ‘स्टॉप’ सर्वांना कळतो. कोणताही ठरवा, पण एकच ठरवा. तो शब्द चेष्टेत किंवा इतर वाक्यात कधी वापरू नका.

आकड्यांचेही तसेच. मराठीतले ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘तेवीस’ आणि ‘चोवीस’ इंजिनाच्या घरघरीत सारखेच ऐकू येतात, ‘सात’ आणि ‘साठ’ तर विचारूच नका. डेक्कन क्वीनचा नंबर पुण्याकडे जाताना १२१२३ आणि मुंबईकडे येताना १२१२४ आहे. तो ‘एक-दोन-एक-दोन-तीन’ असा सुटा सुटा सांगावा. इंग्रजी अक्षरे सांगताना नुसते ‘बी’, ‘डी’, ‘पी’ म्हणू नये, ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणावे. ऐकणाऱ्याने नुसते ‘ठीक आहे’ म्हणू नये, ऐकलेला हुकूम परत म्हणून दाखवावा. आपल्या टपाल-तार खात्यातल्या जुन्या मंडळींना हे नवीन नाही. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली, पण तारेतले आकडे परत पाठवून पडताळण्याची शिस्त तारमास्तरांनी पिढ्यान् पिढ्या पाळली होती. ती शिस्त आता रुळांवर हवी.

बोलणे थांबले तर काय, हा खरा प्रश्न आहे. डबे मागे ढकलताना चालकाला पुढचे काही दिसत नाही, तो केवळ आवाजावर चालतो. अमेरिकेच्या रेल्वे सुरक्षा नियमांत असे आहे की, ढकलताना किती अंतर जायचे ते आधी सांगावे, आणि पुढची सूचना आली नाही तर उरलेल्या अंतराच्या निम्म्यातच गाडी थांबवावी. याचा अर्थ साधा आहे. ‘दहा डबे’ असे ऐकून पुढे शांतता झाली तर पाचव्या डब्यापर्यंत थांबायचे. शांतता म्हणजे होकार नव्हे, शांतता म्हणजे लाल दिवा. वॉकी-टॉकीवरचे बोलणे हे सिग्नलची, हातदिव्याची किंवा लेखी परवानगीची जागा घेऊ शकत नाही. ‘साहेबांनी संचावर सांगितले’ हे वाक्य चौकशीत कोणालाही वाचवत नाही.

संचाने होणारे धोके

ऐकू येत नाही म्हणून मालडब्याच्या शिडीवर चढणारे बांधव आम्हाला माहीत आहेत. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. त्या तारेपासून २ मीटरच्या आत शरीर, दांडा किंवा एरियल जाता कामा नये, आणि शॉक बसायला तारेला हात लागावाच लागतो असे नाही. आवाज मिळत नसेल तर बाजूला मोकळ्यावर जा, वर चढू नका. रुळांमधून चालता चालता बोलू नका. बोलण्यात गुंतलेल्या माणसाला मागून येणारी गाडी कळत नाही. कानात बोंडूक घालून रुळावर जाणे तर त्याहून वाईट. कीमन व ट्रॅक मेंटेनर यांच्यासाठी येणाऱ्या गाडीची सूचना देणारे ‘रक्षक’ नावाचे व्हीएचएफवर चालणारे उपकरण रेल्वेने आणले आहे. ज्या गँगकडे ते नाही, तेथे लुकआउट माणूस हाच रक्षक आहे, आणि उपकरण आले तरी त्याला काढता कामा नये.

पेट्रोल-डिझेलच्या टाकी डब्यांच्या सायडिंगमध्ये साधा संच वापरू नये, आणि तेथे बॅटरी तर मुळीच बदलू नये. अशा जागेसाठी ठिणगी न पाडणारे प्रमाणित संच वेगळे असतात. घाटात सुरुंगाचे काम विजेच्या डिटोनेटरवर चालू असेल तर ठरलेल्या अंतराच्या आत संच बंद ठेवावा. बोलताना एरियल डोळ्याला किंवा गालाला लावू नये, तोंडापासून दोन-तीन बोटे दूर धरावी. तुटलेल्या एरियलच्या उघड्या धातूने कातडी भाजते. छातीत पेसमेकर असणाऱ्या बांधवांनी छातीच्या खिशात संच ठेवू नये.

टपाल कामगारांचा यात काय संबंध?

टपाल खात्यात हे संच अजून सर्रास नाहीत. पण आरएमएसचे बांधव आणि गार्ड एकाच प्लॅटफॉर्मवर, एकाच गाडीला, एकाच दोन मिनिटांच्या थांब्यात काम करतात. थैल्या चढवणारा माणूस दारात अर्धा आत, अर्धा बाहेर असताना गाडी हलणे ही केवळ दैवाची गोष्ट नव्हे. गार्डला ते दिसत नाही आणि टपालवाल्याकडे सांगायला साधन नाही. ज्या स्टेशनांवर टपालाची चढउतार मोठी आहे, तेथे आरएमएसच्या प्रमुखाकडे रेल्वेच्या परवानगीने एक संच असावा, ही दोन्ही संघटनांनी मिळून करण्यासारखी मागणी आहे. मेल मोटारच्या अंगणात मागे येणाऱ्या लॉरीसाठीही हीच शिस्त लागू पडते.

काही ठिकाणी साहित्य मिळत नाही म्हणून कामगार पदरमोड करून बाजारातून स्वस्त संच घेतात. हे करू नये. परवान्याशिवाय चालतील असे संच २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातलेच आहेत. इतर लहरींवर विनापरवाना बोलणे गुन्हा ठरू शकते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अवैध संचांबाबत विक्री-संस्थांना नोटिसा काढल्या, त्या याच कारणाने. खात्याचे काम खात्याच्या संचावरच झाले पाहिजे, आणि त्याचा खर्च खात्याचाच असला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात सुरक्षिततेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२२ मध्ये त्या संघटनेने सुरक्षित कामाच्या जागेचा समावेश कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला.

आमच्या मागण्या

पाळी बदलताना एकाच्या हातातला गरम संच आणि उतरलेली बॅटरी दुसऱ्याच्या हातात देणे बंद झाले पाहिजे. ज्याला संचावर काम करायचे त्या प्रत्येकाला संच, एक जादा बॅटरी आणि रनिंग रूम व यार्डात चार्जिंगची सोय मिळावी. कंत्राटी कामगार त्याच रुळावर काम करतो, त्याचा कान बंद ठेवून कायम कामगारही सुरक्षित राहू शकत नाही, म्हणून त्यालाही संच व प्रशिक्षण मिळावे. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळात, पगारी आणि कामगाराच्या भाषेत व्हावे. संच हरवला किंवा बिघडला तर चौकशीशिवाय पगारातून वसुली होऊ नये. बोलण्याची नोंद ठेवली जात असेल तर ती अपघाताचे कारण शोधण्यासाठी वापरावी, कामगारावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे.

आणि या सर्वांच्या वर एक मागणी. संच मुका झाला म्हणून ज्याने गाडी थांबवली, त्याला उशिराबद्दल जाब विचारला जाऊ नये. नियमपुस्तकात ‘सुरक्षितता प्रथम’ आणि तोंडी हुकुमात ‘गाडी का थांबवली?’ असा दुटप्पीपणा असेल, तर उद्या पुढचा माणूस थांबणार नाही. तेव्हा जे घडेल त्याची जबाबदारी ज्याने तो जाब विचारला त्याची असेल. ही गोष्ट लेखी परिपत्रकात आली पाहिजे आणि ती परिपत्रके प्रत्येक लॉबीत लावली गेली पाहिजेत.

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ लहरी मंजूर केल्या. नवी यंत्रणा येईल, संच बदलतील, पडद्यावर नकाशे दिसतील. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण कोणत्याही यंत्राच्या दोन टोकांना माणसेच असतात. एकाने स्पष्ट बोलायचे, दुसऱ्याने ऐकून परत म्हणायचे आणि शंका आली की दोघांनी थांबायचे.

कामगार बंधू-भगिनींनो, हा अंक वाचून झाल्यावर आपल्या शाखेच्या पुढच्या सभेत पंधरा मिनिटे या विषयासाठी ठेवा. आपल्या जागेवर आवाज कोठे तुटतो ते लिहा. थांबण्याचा एक शब्द ठरवा. बॅटऱ्यांची मोजणी करून ती विभागीय कार्यालयाकडे पाठवा आणि एक प्रत फेडरेशनकडे द्या. शाखांकडून आलेल्या या याद्या हातात असतील तर वाटाघाटीच्या टेबलावर आपले म्हणणे कोणाला टाळता येणार नाही.